वेशीचं घड्याळ नऊ दिवस बंद होतं

शनिवार, ५ एप्रिल २०२५, मॉरिसव्हिल, अमेरिका

इथल्या मराठी मंडळाचा पाडवा आज झाला. खरा पाडवा गेल्या रविवारीच होऊन गेला, पण शाळेचा हॉल आजचा मिळाला, म्हणून गुढीही आजच. श्रीखंडाच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारे गृहस्थ वॉकर धरून उभे होते. सोबतच्या त्यांच्या मुलीशी, प्रतिमाशी, माझ्या बायकोची, शुभाची, आधीची ओळख होती. प्रतिमा म्हणाली, "बाबा, हेपण धामणपेठेचे."

मी नाव सांगितलं, शंतनू लोहोकरे. म्हाताऱ्याने हातातली वाटी टेबलावर ठेवली. "मनोहर चावीवाल्याचा?"

हो म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मग खाली पायांकडे. बराच वेळ पायांकडे. मग म्हणाले, "मी मोहन परचुरे. नगरपालिकेत ओव्हरसियर होतो."

मला श्रीखंड गेलं नाही. ज्या कागदाने माझ्या वडिलांना, आप्पांना, वेशीच्या घड्याळावरून काढलं, त्या कागदाखाली हीच सही आहे. आणि हा माणूस माझ्यापासून पंधरा मिनिटांवर, शेजारच्या केअरी गावात राहतो, अकरा वर्षं!

सोमवार, ७ एप्रिल

डोकं ताळ्यावर राहावं म्हणून सगळं नीट लिहून ठेवतो.

जानेवारीत माझी नोकरी गेली. 'रोल एलिमिनेट झाला' म्हणाले. म्हणजे माणूस काढला नाही, खुर्चीच नव्हती. तेव्हापासून सकाळी अर्ज पाठवतो आणि दुपारी गावच्या घड्याळाचा इतिहास लिहितो. अर्जांना उत्तर येत नाही, घड्याळाचं काम मात्र जोरात आहे. वेशीच्या दुरुस्ती समितीवर यामिनी नावाची वास्तुविशारद बाई आहे, ती रोज व्हॉट्सॲपवर जुने कागद पाठवते. बाजारवेस दुरुस्त होतेय, एक जुलैला घड्याळ पुन्हा सुरू होणार, पुस्तिका निघणार, आणि वेशीच्या आत पितळी पाटी लागणार. तिच्यावर सगळ्या चावीवाल्यांची नावं.

वेस बहामनी काळातली. साडेचारशे वर्षं तिच्या सावलीत बाजार भरला आणि कुणाला वेळ विचारावी लागली नाही. १८९८ साली एका कापूसवाल्या शेटजींना हौस आली, त्यांनी तिच्या डोक्यावर विलायती घड्याळ बसवलं. गावाने नावं ठेवली आणि मग त्याच्यावरच विसंबायला लागलं. घड्याळ मुंबई टाइम पाळायचं, रेल्वेच्या एकोणचाळीस मिनिटं मागे, आणि पंचावन्न सालापर्यंत तसंच चाललं. "वेशीचे पाच का ठेसनाचे पाच?" हे विचारल्याशिवाय कुणी घरातून निघत नसे.

छप्पन्नपासून चावी आप्पांकडे. सोमवार आणि गुरुवार. अरुंद जिना, एकशे बारा फेरे. खाली उतरून चावीची वही: तारीख, फेरे, आकाशवाणीशी किती सेकंदांचा फरक, सही. अठरा वर्षं खाडा नाही.

मग तो कागद, ओव्हरसियरचा अहवाल. '१३ ऑगस्ट १९७४, मंगळवार, दुपारी ३.५८ वाजता घड्याळ बंद पडले व नऊ दिवस बंद राहिले. कारण, चावीवाल्याची हलगर्जी.' त्यातच पंधरा ऑगस्ट आला. झेंडावंदन वेशीसमोर व्हायचं, आठाच्या टोल्याला. टोलाच पडला नाही. नगराध्यक्ष दोरी धरून ताटकळले, लोक हसले. आप्पांची बदली जकात नाक्यावर. त्यानंतर ते नाक्यावर जाताना वळसा घालून जायचे, वेशीखालून कधी गेले नाहीत.

आता माझं म्हणणं. आदल्या दिवशी सोमवार होता, म्हणजे चावी दिलेली होती. आपोआप बंद पडणारं घड्याळ कुठेही थांबतं. टोल्याच्या बरोब्बर दोन मिनिटं आधी थांबतं ते हाताने थांबवलेलं. कुणीतरी वर चढलं होतं. कोण? वर जायच्या दोनच किल्ल्या. एक आप्पांकडे, दुसरी ओव्हरसियरकडे.

यामिनी म्हणते, "सर, मला वाईट वाटतं, पण ठपका असलेलं नाव कमिटी पाटीवर घेणार नाही. तुम्ही प्रूफ द्या, मी नाव घालते." पुस्तिका पंचवीस मेला छपाईला जाते.

आणखी एक लिहितो, कारण ते दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही. कॉलेजात असताना मी आप्पांना तोंडावर म्हणालो होतो, "तुम्ही भित्रे आहात. भांडला का नाहीत?" ते म्हणाले, "असेन, बाबा." वाटीतलं ताक प्यायले आणि उठले. अठ्ठ्याण्णव साली गेले. तो शब्द मला परत घ्यायचाय, आणि आता तो त्या पाटीवरच घेता येईल.

रविवार, १३ एप्रिल

प्रतिमाकडे गेलो. शुभाने ढोकळा दिला होता. मनात म्हटलं, सापाच्या बिळात ढोकळा घेऊन चाललोय.

मोहनकाका छान बोलतात. छान बोलणाऱ्या माणसाची मला पहिली शंका येते. वेशीच्या दगडांवर, शेटजींवर, मुंबई टाइमवर तासभर बोलले. घड्याळाची वजनं वेशीच्या भिंतीतल्या पोकळीतून खाली यायची आणि पलीकडेच पालिकेचा दवाखाना होता, त्यामुळे कंपाउंडर भिंतीला कान लावून वेळ सांगायचा, असा किस्सा सांगितला. मी हसलो नाही. हळूच चौऱ्याहत्तर साल काढलं.

"चहा निवला तुझा," ते म्हणाले. मग, "पाय कसा आहे?"

"कुणाचा?"

"तुझाच रे. म्हणजे... चालायला जातोस ना रोज?"

विषय कसा बदलावा ते या माणसाकडून शिकावं.

शुक्रवार, २५ एप्रिल

घरामागच्या डेकच्या कुजलेल्या फळ्या काढत होतो, खिळा बुटातून आत गेला. शुभा ऑफिसमधून धावत आली आणि अर्जंट केअरला घेऊन गेली. नर्सने शेवटचा टिटॅनस शॉट कधी घेतला विचारलं. मी म्हटलं, मला शॉटची गरज नाही, लहानपणी खुद्द धनुर्वातच झाला होता. ती म्हणाली, एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होत नाही असं नसतं, आणि सुई टोचली.

तिसरीत होतो. खिळाच, याच पायात. फारसं आठवत नाही. अंधारी खोली, दारावर काळं कांबळं, कानांत कापूस. आई म्हणायची, भांडं पडलं तरी तुझं अंग धनुष्यासारखं वाकायचं. नीट आठवतं ते एकच: कापूस काढला होता, कुठेतरी टोले पडत होते आणि मी मोठ्याने मोजले. दहा. आप्पा दारात उभे होते. शाबास म्हणतील वाटलं, पण ते तोंड फिरवून बाहेर गेले. मला तेव्हा राग आला होता.

शुभा गाडीत म्हणाली, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

सांगण्यासारखं काय आहे त्यात?

रविवार, २७ एप्रिल

आज सुगावा लागला! काकांच्या खोलीत, बीपीच्या मशीनशेजारी, लाल कापडात काहीतरी गुंडाळून ठेवलंय. आधी पोथी वाटली. पण पोथी एवढी लांबट नसते. मी त्या बाजूला सरकलो तसं काकांनी वॉकर मध्ये घातला.

मी लंगडताना पाहून त्यांचा चेहरा उतरला. "काय झालं?" खिळ्याचं सांगितलं. म्हातारा वॉकर ओढत जवळ आला. "इंजेक्शन घेतलंस? नक्की घेतलंस?" तीनदा विचारलं. एवढा पुळका कशाचा? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

बुधवार, ३० एप्रिल

शुभा गराजमध्ये जाऊन प्रतिमाशी फोनवर बोलत होती. वीस मिनिटं. मी आत गेल्यावर "चल, ठेवते" म्हणाली. विचारलं तर म्हणे, लोणच्याची रेसिपी. गराजमध्ये लोणचं? कुठेतरी पाणी मुरतंय.

रविवार, ११ मे

काका बाथरूमला गेले. वॉकर घेऊन जायला-यायला दहा मिनिटं लागतात, हे मी हेरून ठेवलं होतं. लाज वाटली, तरी कापड सोडलं.

चावीची वही!

आप्पांचं अक्षर. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या बारीक, सरळ अक्षरावरून बोट फिरवलं. पण वेळ नव्हता. ऑगस्ट १९७४ काढलं. १२ तारखेची नोंद पानाच्या शेवटी. फेरे एकशे बारा, फरक चार सेकंद. पुढचं पान नाही. ब्लेडने, पट्टी लावून कापलंय. त्यानंतर एकदम २६ तारीख, आणि नंतर दुसऱ्याच कुणाचं अक्षर.

फोटो काढले. काका आले तेव्हा मी खिडकीपाशी उभा होतो. कापड मला नीट बांधता आलं नव्हतं. त्यांनी पाहिलं. म्हणाले, "पुढच्या रविवारी ये. जरा निवांत ये."

रविवारपर्यंत ते वही जाळतील! घरी येऊन यामिनीला ईमेल केला, फोटोंसकट. 'तत्कालीन ओव्हरसियर मोहन परचुरे यांनी पुरावा नष्ट करून निरपराध कर्मचाऱ्यावर खोटा ठपका ठेवला. घड्याळ थांबवण्यामागेही त्यांचाच हात असावा.' शेवटचं वाक्य दोनदा खोडलं आणि दोनदा लिहिलं. पाठवलं.

बुधवार, १४ मे

यामिनीचं उत्तर: "सर, धिस इज ह्यूज. कमिटीला पटलंय. अहवाल खोटा होता असं पुस्तिकेत छापतोय, परचुऱ्यांच्या नावासकट. तुमच्या वडिलांचं नाव पाटीवर येणार, अभिनंदन."

पन्नास वर्षांनी! मी शुभाला मिठीच मारली. ती खुश झाली नाही. खुर्चीवर बसून तिने विचारलं, "तू दवाखान्यात होतास ते साल कुठलं?"

"तिसरीत होतो, सांगितलं ना."

"म्हणजे कुठलं साल? महिना कुठला?"

"शुभा, मी आप्पांबद्दल बोलतोय आणि तू माझा आजार काय घेऊन बसलीस?"

"मी पण आप्पांबद्दलच बोलतेय." आणि मग, "रविवारपर्यंत थांबायचं होतंस. प्रतिमाने मला सांगितलं होतं, काकांना तुझ्याशी स्वतः बोलायचंय म्हणून. मी गप्प बसले, चुकलंच माझं."

तर ही लोणच्याची रेसिपी. माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट. रात्री जेवलो नाही.

रविवार, १८ मे

आजचं आजच लिहितो.

काकांनी प्रतिमाला बाहेर जायला सांगितलं. पासपोर्टच्या पाकिटातून घडी घातलेलं पान काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "हे मी कापलं," म्हणाले. "वाच."

आप्पांचं अक्षर. तेच रकाने.

'१३ ऑगस्ट, मंगळ. दुपारी ३.५८. घड्याळ मी हाताने थांबवले. यंत्रात दोष नाही. दवाखान्यातून सांगतील तेव्हा चालू करीन. म. लोहोकरे.'

खाली रोजची एकेक ओळ. फेऱ्यांच्या रकान्यात रेघ. ज्या रकान्यात आकाशवाणीशी फरक लिहायचे, त्यात

'१४. बंद. झटके एकोणीस.
१५. बंद. झटके सतरा.
१६. बंद. झटके सतरा.
१७. बंद. झटके अकरा.'

असं करत '२१. बंद. झटका नाही.'

आणि शेवटी, '२२ ऑगस्ट, गुरु. सकाळी १०. आकाशवाणीशी लावून चालू केले. फरक शून्य. पोराने टोले मोजले. बरोबर दहा.'

काका बोलत होते. प्रत्येक टोल्याला तू वाकायचास, म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते, आवाज बंद करा नाहीतर पोरगं हातचं जाईल. आधी मनोहरने हातोडीला गोणपाट बांधलं. पण टोल्याची वेळ झाली की चाकं फिरायची, वजन भिंतीतून खाली घसरायचं, खर्रर्र, आणि भिंतीपलीकडे तुझी खाट. त्या मंगळवारी तिनाच्या टोल्याला तुझा श्वास अडकला होता. चाराचा टोला मनोहरने होऊच दिला नाही.

"दवाखान्यातून हलवलं का नाही मला?"

"हलवलं असतं तर वाटेत गेला असतास."

"मग परवानगी का नाही काढली?"

"मागितली ना. अध्यक्ष म्हणाले, पंधरा ऑगस्ट तोंडावर आलाय, एका पोरासाठी गावाचं घड्याळ बंद ठेवायचं का? मनोहर नमस्कार करून निघाला आणि सरळ वर चढला." काकांनी पान माझ्याकडे सरकवलं. "मुद्दाम थांबवलं असं रिपोर्टमध्ये आलं असतं तर नोकरी गेली असती, वर पोलीस केस. म्हणून अध्यक्षांना नऊ दिवस यंत्र अडकलंय सांगत राहिलो आणि रिपोर्टात हलगर्जी लिहिली. हलगर्जीला नुसती बदली. हा शहाणा वहीत खरं लिहून बसलेला! म्हणून पान कापलं. फाडून टाकणार होतो, पण ते झटक्यांचे आकडे पाहिले आणि..." त्यांनी हात हलवला. "नाही टाकवलं, यार. इकडे येतानापण वही आणि पान, दोन्ही घेऊन आलो."

"आप्पांनी मला कधीच का सांगितलं नाही?"

"त्यानेच शपथ घातली होती. पोराला कळलं तर जन्मभर ओझं वाहील म्हणाला."

भित्रे आहात, म्हणालो होतो मी. असेन, बाबा.

मी रडलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, परक्याच्या घरात, बीपीच्या मशीनशेजारी. मग ईमेलचं सांगितलं, पाय धरायलाच वाकलो. काकांनी खांद्याला धरून उठवलं आणि खळखळून हसले.

"अरे, मग उत्तम झालं की! छापू देत. मनोहरचं नाव पाटीवर येतंय ना? मला तिथे आता कोण ओळखतं? शहाऐंशीचा झालो, केअरीत मरणार. एकदा त्याच्यासाठी खोटं लिहिलंच आहे, अजून एक खपून जाईल. हे पान तू फाडून टाक."

मंगळवार, २० मे

पान फाडलेलं नाही. दोन दिवस टेबलावर आहे. पाच दिवसांत पुस्तिका छपाईला जाईल.

गप्प बसलो तर पाटीवर आप्पा. मला हवं होतं तेच, आणि तेही काकांच्या राजीखुशीने. मला फक्त काही करायचं नाही, एवढंच. शुभाला विचारलं. ती म्हणाली, "मी नाही सांगणार. तू म्हणशील, माझा त्यात काही डाव आहे." बोचलं, पण खरं आहे.

दुपारी पान पुन्हा वाचलं. आपल्याला सुळावर नेईल ते सगळं आप्पांनी सरळ अक्षरात लिहून खाली सही केलीय. पोरगं पलीकडे वाकतंय आणि हा माणूस रकाने भरतोय, कारण वहीत खाडा पडता कामा नये. त्यांनी खोटं लिहिलं नाही, आणि मी ते खोट्याने धुवायला निघालो होतो, दुसऱ्याचं नाव काळं करून.

यामिनीला ईमेल केला. माझा आरोप पूर्ण चुकीचा, परचुऱ्यांची माफी, पानाचा फोटो जोडलाय, घड्याळ वडिलांनीच थांबवलं. अहवालात मुद्दाम थांबवल्याचं का आलं नाही ते काकांना विचारून, त्यांच्या परवानगीने लिहिलं. पाठवायचं बटण दाबायला अकरा तारखेपेक्षा जास्त वेळ लागला.

गुरुवार, २२ मे

यामिनीचा फोन आला. फोनवर ती रडली. नंतर कामाचं बोलली. कमिटी म्हणते, परचुऱ्यांवरचा मजकूर काढला. वहीचं पान पुस्तिकेत अख्खं छापू. पण पाटीवर नाव नाही. ज्याने स्वतः घड्याळ बंद केलं त्याचं नाव घड्याळ चालवणाऱ्यांत कसं घालायचं, असं आताच्या नगराध्यक्षांचं म्हणणं. नगराध्यक्ष बदलले, डोकं तेच.

काकांना कळवलं. "गाढवा," म्हणाले, "सांगितलं होतं ना, फाडून टाक." आणि मग, "रविवारी येतोयस ना?" जाणार आहे. वही तिथेच राहू दे म्हटलं, मला वाचायला यायला निमित्त होईल.

संध्याकाळी शुभा आली. मी सांगितलं, पाटी गेली. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पितळेवर कोरलेलं ते नाव मला हवंच होतं.

तिने पर्स ठेवली आणि माझ्या पायाकडे पाहिलं. खिळ्याची जखम अजून पुरती भरली नव्हती, परवाची पट्टी तशीच होती. ती खाली बसली आणि पट्टी सोडायला लागली. "त्यांना पाटी हवी होती का पोरगं?" म्हणाली. "पाय वर घे."

मी पाय वर घेतला.